प्रश्न चौथा, गुण दहा

तासगावात एप्रिलची रात्र. पंखा नुसता आवाज करतो.
पंचेचाळीस पेपर झाले, हा सेहेचाळीसावा:
'इंग्लंडच्या राजाच्या मृत्यूनंतर
यादवी युद्ध का झाले? कारणे लिहा.'

बाकी साऱ्यांनी गाईड ओतलंय.
एकुलता युवराज पांढऱ्या गलबतासकट बुडाला,
सरदारांनी लेकीच्या नावानं शपथा घेतल्या, मोडल्या,
आतेभाऊ आधी पोचला नि मुकुट घालून बसला.
ठीक. सात. साडेसात.

ही उत्तरपत्रिका, नाव झाकलेलं, अक्षर तिरपं, म्हणते:

'युद्ध झालेच नाही.
म्हातारा राजा मासे खाऊन मेला,
ते लेकीला त्याच रात्री कळले.
तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, ओकाऱ्या होत होत्या,
तरी ती होडीत बसली.
आतेभाऊ किनाऱ्यावर आला तेव्हा नावाडी म्हणाला,
उशीर केलात, बाईसाहेब गेल्या.
तिने आधी खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या, मग रडली.
लंडनच्या घंटा तिच्यासाठी वाजल्या.
सरदार आपापल्या शपथा आठवत गप्प बसले.
पुढची एकोणीस वर्षे लोकांनी गहू पेरला आणि कापला.
म्हणून कारणे नाहीत. उत्तर संपले.'

खाली पट्टीनं मारलेली रेघ.
मग पानभर कोरं.

लाल पेन हवेत धरून बसले.
शून्य. नियमानं शून्यच.
पण आतेभाऊ हे नातं बरोबर आहे, चाळिसांनी चुलतभाऊ लिहिलंय.
आणि किल्ल्या आधी, रडणं मग,
हे कुठल्या गाईडात आहे?

नऊला जालंदरचा फोन येऊन गेलेला.
'अक्का, उद्या अकराला, निबंधक ऑफिसात. आधार आण, दोन फोटो.
हक्कसोडीवर सही झाली की घरीच जेवायला,
वैनी पुरण घालतीय. साडी बी आणलीया.'
मागून हणमंत, फोनपासून लांब पण ऐकू येईल इतपत:
'तिला काय कमी हाय? घरात दोन पगार.'

आबा बेदाण्याच्या शेडवर रॅकला टेकून बोलले होते.
एकदा सोसायटीच्या चेअरमनसमोर,
एकदा टेम्पोवाल्यासमोर,
एकदा नुसत्या ह्या दोघांसमोर:
विहिरीकडची बाग थोरलीची.
दोघांनी तिन्ही वेळा मान हलवली.
जाळीतून एखादा हिरवा मणी खाली पडत होता,
हणमंतनं तो उचलून तोंडात टाकला, ते आठवतं.

आबा गेले तेव्हा मी कोल्हापुरात, पेपर तपासणीलाच.
पोचले तोवर
शेडच्या किल्ल्या जालंदरच्या करगोट्याला.
मी आधी रडले.

सेहेचाळीसाव्याला तीन दिले.
तीन खोडून सहा केले.
खोडलं की शेजारी सही करावी लागते.
केली. पूर्ण नाव, माहेरचं.

सकाळी ऑफिसात तीन पानी कागद.
'सगळं नेहमीचंच आहे, मॅडम,' वकील म्हणाले,
'शेवटच्या पानावर फक्त.'
मी पहिल्यापासून वाचायला घेतला.
जालंदर घड्याळ बघतो. हणमंत दारात,
पायातली चप्पल काढतो, घालतो.
दुसरं पान, नववी ओळ:
'लिहून देणार हिने स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...'

पर्समध्ये निळं पेन नव्हतं.
लालनं 'स्वखुशीने'खाली रेघ मारली
आणि समासात, तेवीस वर्षांच्या सवयीनं, लिहिलं:
पुरावा?

कोणी काही बोललं नाही.
रस्त्यापलीकडं रसवंतीची घुंगरं एकदम वाजू लागली,
माझ्यासाठी की माझ्यावर, ते कळेना.
मी पान उलटलं.