जाड तारेचा उशीर

नवरात्राला अकरा दिवस असताना
दांडिया बाजारातल्या वरच्या खोलीत
गिटारच्या ब्रिजपाशी मी चिकटवतो
ते सहा डोळ्यांचं पिकअप,
दुतोंडी टेपनं,
लाकडाला भोक पाडायला हात धजत नाही म्हणून.

प्रत्येक तारेला स्वतःचा एक डोळा.
तेरा पिनांची केबल. एक डबा.
डब्यात म्हणे सनई आहे.

बारीक तार छेडली की ती लगेच बोलते,
नखाखालूनच निघाल्यासारखी.
जाड तार छेडली की डबा गप्प.
लांब लहर दोनदा येऊन जाईपर्यंत
त्याला ठरवता येत नाही, सूर कुठला.
घाई केली तर वरच्या सप्तकात उडी मारतो,
नाव न आठवता हाक मारणाऱ्या माणसासारखा.

बोट उचलताना तारेला घासलं,
तेही वाजवतो.
तळहात टेकला, तेही.
इतकं बारीक माझं कुणी ऐकलं नव्हतं,
आणि इतकं भलतंच.

हसमुख ढोली दारात उभा,
"मोडुं पडे छे, भाई."
हींचेत केसाएवढा उशीर;
पण मैदानावर त्याच केसावर
हजार टाचा एकदम आपटायच्या असतात.

मुस्ताक लंगा बावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसायचे.
आता याकुतपुऱ्यात असतात, वरचे दात गेले,
ओठांत पत्ती धरत नाही.
डबा घेऊन गेलो. वाजवून दाखवला.
लाज वाटत होती,
त्यांच्याच घरात त्यांची नक्कल, तीही प्लगला लावून.

त्यांनी चहा बशीत ओतला.
वरच्या सुरांना मान हलवली.
मींड घेतली तेव्हा "पायऱ्या, पायऱ्या" म्हणाले,
आणि हसले, हिरड्यांनी.
जाड तारेचा उशीर ऐकून मात्र थांबले.
"हा तर मलाही व्हायचा.
खालचा सा कधी वेळेवर लागला नाही.
मी ढोलाच्या आधीच फुंकायचो."

बावीस वर्षं.
डाव्या कानाशी.
मला वाटायचं, ते बरोबर समेवर आहेत.

घरी येऊन ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं
आणि चुकायला शिकलो:
जाड तारेवर आधी, मधल्यांवर थोडं कमी आधी,
बारीकवर बिनघोर.
बायको म्हणाली, बेताल झालास.
हेडफोन तिच्या कानाला लावला
तेव्हा काही बोलली नाही, भाजी ढवळायला गेली.

पहिल्या रात्री दोनदा हुकलं.
दुसऱ्या रात्री घामानं बोट सरकलं आणि
भर आरतीत एक सनई
कुणीच न वाजवता वाजली.

तिसऱ्या रात्री मी तार छेडली,
हात पुढे निघून गेला,
आणि सूर मागून, पाण्यातून वर आल्यासारखा,
ढोलाच्या थापेबरोबर.

हसमुखनं मागे वळून पाहिलं नाही.