दात कोरून

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
व्हर्ना हापालाचं भरलं.

डुलूथमध्ये, सरोवराकाठी,
बर्फात रुतलेली गाडी ढकलत
ती आधी नुसते डबे पोचवायची,
लॅबमधून दवाखान्यात, दवाखान्यातून लॅबमध्ये.
डब्यात कुणाचा तरी जबडा आणि एक चिठ्ठी.
एका डिसेंबरात प्लास्टर ओतणारा आलाच नाही.
"तुझे हात थरथरतात?" म्हाताऱ्या ऑस्मंडनं विचारलं.
"थंडीत सगळ्यांचेच."
एवढीच मुलाखत.

मग मेण. सुरीचं टोक दिव्यावर धरून
दाढेच्या दऱ्या, उंचवटे,
चुकलं की वितळवायचं, पुन्हा.
घरी जाताना बसमध्ये ती समोरच्यांची तोंडं बघायची,
जांभई देणारा भेटला की तिची चंगळ.

आता पडद्यावर दाढ गरगर फिरते,
यंत्र रात्रभर झिर्कोनिया कातत बसतं,
आणि कॉलेजातून आलेली मुलं तिला विचारतात
चावताना नेमकं कुठे उंच लागतंय.
ती बोट फिरवते, सांगते.
बोटाला कुठून कळतं
ते तिलाही सांगता येत नाही.
अर्जातला शिक्षणाचा रकाना अजून रिकामाच.

परवा एका खलाशाची बायको आली,
नवऱ्याचा जुना फोटो घेऊन:
पुढचा दात असाच हवा, टवका उडालेला.
डॉक्टरांनी चांगला बसवलाय हो,
पण हसला की
कुणी परकाच बसलाय वाटतं जेवायला.

संगणकाच्या यादीत टवका नव्हता.
व्हर्नानं दिवा पेटवला,
खणात जुनी सुरी शोधली.