पासंग

देगूच्या बाजारखात्यात तीस वर्षं
मी तराजू तपासले.
सुकटवाल्यांचे, मिरचीवाल्यांचे, सोनारांचे नाजूक,
आणि औषधी मुळ्यांच्या गल्लीतले,
ज्यांच्या पारड्यांना ज्येष्ठमधाचा वास कायमचा चिकटलेला.
काटा मारणारा मला लांबून कळायचा.
तो आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करतो.

निवृत्त झाले आणि हृदयाची एक झडप बदलली.
आता रात्री आठला रक्त पातळ ठेवायची गोळी,
महिन्याला नळीभर रक्त.
डॉक्टर मिन मॉनिटरशी बोलतात.
माझ्या वाट्याला चार मिनिटं,
त्यातलं एक बूट काढण्या-घालण्यात.
"पालेभाजी रोज सारखीच खा," म्हणाले.
का, ते मला वाचनालयात जाऊन शोधावं लागलं.

वैद्य बांग मनगट धरून बसतात.
तीन बोटं, मिटलेले डोळे,
कोपऱ्यात किटली पुटपुटते.
ग्यू-छोल गेल्यापासून
इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता.
म्हणाले, रक्त थंड पडलंय. दांग्वीचा काढा घ्या.
तीस पाकिटं, काळीभोर, कोमट करून.
भाव विचारला नाही, प्रश्न विचारला नाही,
मी, प्यो माल-सुन,
जिला पाहून अख्खी गल्ली वजनं पुसायला लागायची.
पदरात पडलं, पवित्र झालं.
आणि खोटं कशाला बोलू,
पाय गरम राहू लागले.

मिनना काढ्याचं सांगितलं नाही. हसतील.
बांगना गोळीचं सांगितलं नाही. रुसतील.
दोन्ही दारी ताकाला गेले
आणि दोन्ही दारी भांडं लपवलं.

तिसऱ्या आठवड्यात दंडावर बशीएवढं निळं.
कुठे आपटले, आठवेना.
दात घासले तर बेसिन गुलाबी.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
सगळं मांडलं. गोळ्या, पाकिटं,
चर्चमधल्या ओक-बुननं दिलेला जिनसेंगचा चीक,
टीव्हीवर पाहून मागवलेल्या गुडघ्याच्या कॅप्सूल,
सुनेनं आणलेलं चुंबकाचं कडं.
मग जुन्या सवयीनं वही उघडली.
हे कोण म्हणतं? कशावरून?
किती जणांना गुण आला, आणि न आलेले कुठे गेले?
यातून पैसा कुणाच्या गल्ल्यात?
काहीच घेतलं नाही, तर काय होईल?
शेवटच्या रकान्यात बराच वेळ
काही लिहिता आलं नाही.

तराजू तपासताना आधी रिकामी पारडी बघतात.
माझी रिकामीच झुकलेली होती.
एकीकडे चार मिनिटं,
एकीकडे तीन ऊबदार बोटं.
कुणी काटा मारला नव्हता.
पासंग माझ्यातच होता.

सकाळी पिशवी उचलून इस्पितळात गेले,
मिनांच्या कीबोर्डवरच ओतली.
ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.
"किती दिवस?"
अडीचच्या आसपास हवा तो आकडा साडेपाचावर.
"विचारायला हवं होतं," ते म्हणाले.
मग स्क्रीनवर माझाच फॉर्म दाखवला:
इतर औषधे – नाहीत.
अक्षर माझं. वळणदार, सरकारी.

बांगनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.
"नाडीत हे ऐकू आलं नाही मला,"
एवढंच बोलले.
उरलेली नऊ पाकिटं मोजून घेतली,
नऊंचे पैसे मोजून दिले.
मी नेहमीप्रमाणे पुन्हा मोजले. बरोबर होते.
"पायांचं काय?" मी विचारलं.
"लोकरीचे मोजे," ते म्हणाले,
आणि मनगट धरलं. फुकट.

राहिल्या कॅप्सूल.
डब्यावरच्या नंबरला फोन लावला.
म्हटलं, यात नेमकं काय काय आहे, किती किती?
पलीकडे गोड गळ्याचा एक मुलगा.
"ते सांगतोच, आजी," म्हणाला,
"आधी सांगा, तब्येत कशी आहे?"