निरंक

वनरक्षक ढोमणे निवृत्त झाले तेव्हा
चार्जमध्ये मला मिळालं :
एक टॉर्च, न पेटणारा,
जप्त केलेल्या तीन कुऱ्हाडी,
आणि लाल शाईत नाव घातलेलं रजिस्टर,
‘दुर्मीळ व संरक्षित अळंबी : आढळ व अधिवास’.
अकरा पावसाळे. प्रत्येक पानावर
ठिकाण, झाड, माती, संख्या
आणि चारही रकान्यांतून तिरपा गेलेला एकच शब्द :
निरंक.

मी आर्वीकडची, कपाशीच्या काळ्या मातीतली.
सात्या काय, टेकोडे काय,
हे मला पळसगोंदीला आल्यावर कळलं, तेही ताटात.
सात्या वारुळावर येतात
आणि कुठलं वारूळ कुणाचं, हे गावात ठरलेलं असतं.
यादीतली मात्र कुणाच्याच ताटातली नाही.
कार्यालयानं फोटो पाठवला होता :
देठ निळा, टोपी तांबूस.
झेरॉक्समध्ये दोन्ही काळं.

जैवंताबाई नैतामांनी कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
“थे होय,” म्हणाल्या.
स्थानिक नाव? मी पेन उघडलं.
“खात नाई, तिले नाव कायले ठेवाव?”

पोळा होऊन पाच दिवस झाले होते.
बोडी काठोकाठ, धान पोटरीवर.
त्या पुढे, अनवाणी.
मी मागून विचारत होते,
उतार उत्तरेला का, माती मुरमाड का.
त्या सांगत होत्या,
इथं माही सासू पडली होती.
इथं डुकरानं रैनूचा पाय फाडलन.
इथं बोलू नको.

येनाचं आडवं खोड, उधळीनं आतून रितं केलेलं.
त्याच्या सावलीच्या बाजूला सात होत्या.
पुन्हा मोजल्या तर नऊ.
निळा म्हणजे आभाळाचा नाही,
मार बसल्यावर तिसऱ्या दिवशी
अंगावर उमटतो, तो.
भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण, हातभर उंच,
जुन्यावर नवं, त्यावर अजून नवं.
“गुरं जातेत ना. ढोमणे सायबानं लावलन.
दरसाल लावे.”

मी फोन काढला.
अक्षांश यायला वेळ लागला, पण आले,
दशांशानंतर सहा आकडे,
इतके नेमके की त्यांच्यावर कुणालाही पाय ठेवता यावा.
खाली फोननं विचारलं : जतन करायचं?
जैवंताबाई तळपायातला काटा काढत बसल्या होत्या.
मी फोन तसाच खिशात टाकला.

एक टोपी आधीच तुटून पडली होती,
बहुतेक चितळाच्या खुरानं.
ती रजिस्टरात ठेवून आणली.
पडलेली उचलणंही गुन्हा आहे, कलम मला पाठ आहे.
सकाळी ती चिंचोक्याएवढी सुकलेली
आणि पानावर एक गोल, गंजाच्या रंगाचा,
बारीक बारीक रेषांचा,
तलाठ्यासमोर कुणी अंगठा उठवावा तसा,
ढोमण्यांच्या शेवटच्या निरंकवर.
खोडरबरानं घासलं तर पसरतो.

अहवाल शुक्रवारी जायचा आहे.
ढोमणे आता ब्रह्मपुरीला, मुलाकडे.
फोन लावला.
“बोला मॅडम. धान कसं आहे तिकडं?”
बरं आहे म्हटलं.
मग बराच वेळ दोन्हीकडून काहीच नाही,
त्यांच्याकडे कुकरची एक शिट्टी.
“बोराटी वाळली की काटे गळतात,” ते म्हणाले,
“पुढच्या साली पोळ्याच्या आधीच बदला.”