वीस शतांश

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पाचला डोळा उघडतोच.
धार काढायला गाय नाही,
बर्फ लोटायला रस्ता नाही
(तो आता एरिक्सनचा पोरगा लोटतो,
आणि वळणावर दर वेळी थोडा ठेवून जातो).
मार्व्हिस झोपलेली असते.
मी गोळ्यांच्या डबीतला गुरुवार उघडतो,
सपाता अडकवतो, परसात जातो
आणि कुंपणाच्या खांबावरची पावसाची नळी बघतो.

नळी बापाची.
शेत विकलं त्या दिवशी लिलाववाल्यानं
चाळीस वर्षं अर्ध्या तासात आटोपली,
ट्रॅक्टर, कोठ्या, खोगीर, आईची कपडे पिळायची चरकीसुद्धा.
यादीत नळी नव्हती.
मी दोन स्क्रू काढले आणि तिला खिशात घातलं.

बियाणे कंपनी फुकट देते त्या वहीत मी आकडा लिहितो.
बापाचा नियम होता:
पडला तर शतांशात लिही, नाही पडला तर शून्य लिही,
ओळ रिकामी सोडायची नाही.

मंगळवारी को-ऑपमध्ये कॉफी.
पैसे कोण देणार ते फासे ठरवतात.
सात होतो, चार उरलो.
लॉयल म्हणतो, माझ्याकडे तीस पडला.
बर्नेल म्हणतो, थापा मारू नकोस.
चौघांत मिळून वीतभर जमीन नाही आमच्याकडे,
आणि आकड्यांवरून भांडण असं
की उद्या पेरणी आहे.

आमच्या जमिनीत खात्रीचं पीक एकच, दगड.
हिवाळ्यात भुई गोठायची, फुगायची,
आणि वसंतात गेल्या साली वेचलेल्या जागीच
नवे दगड टकमक बघत बसलेले.
आर्डिस आणि मी सपाट गाडीमागून चालायचो.
ती नऊची, मी सातचा.
ती मोठे उचलायची आणि मला म्हणायची, तू मोज.
पलीकडे जवस फुललेला असायचा,
दुपारपर्यंतच निळा.
जेवून परत येईतो पाकळ्या गळालेल्या.

आर्डिस आता बिस्मार्कच्या वृद्धाश्रमात असते.
सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही.
पण साय काढायच्या यंत्राच्या चोवीस चकत्या
धुऊन कोणत्या क्रमानं तारेत ओवायच्या,
हे ती झोपेतही सांगेल.
रोज नऊला फोन. तिचा पहिला शब्द, "किती?"

यंदाच्या जुलैत वहीत एकेचाळीस शून्यं झाली,
एकाखाली एक, टोपलीत अंडी मांडावीत तशी.
"शून्य," मी म्हणायचो.
"बरं," ती म्हणायची, आणि बराच वेळ काही नाही.

आज नळीत पाणी होतं.
वीस शतांश, रेघेला रेघ.
आभाळ घासलेल्या भांड्यासारखं कोरं.
मग दिसलं, कुंपण एकाच बाजूनं ओलं आहे.
शेजाऱ्यांचं हिरवळीवरचं कारंजं रात्रभर फिरत होतं,
तोंड जरा वाकडं झालेलं.

नऊ वाजले.
"किती?"
"वीस."

पलीकडे कुणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली.
"मग आज बाबा जेवतील," आर्डिस म्हणाली.

मी ते विसरून गेलो होतो.
त्या दोन उन्हाळ्यांत तो ताट पुढे सरकवायचा,
खिडकीशी उभा राहायचा,
आणि आम्ही चमचे वाजू न देता खायचो.

"जेवला का?" तिनं विचारलं.
"जेवला," मी म्हणालो. "बटाटे दोनदा घेतले."
ती हसली. हे हसू
मी बापाच्या मयतीनंतर ऐकलं नव्हतं.

फोन ठेवला.
पाणी रुबार्बच्या मुळाशी ओतलं.
वही उघडून बसलो, पेनाचं टोपण दातात,
मार्व्हिस विचारते आहे, अंडी उकडू की तळू.

तारीख. पुढे शून्य.
आणि त्याच ओळीत, समासाच्या कडेला, बारीक अक्षरात:
आर्डिसकडे वीस.