मुदतवाढ मिळणेबाबत

वॉर्ड ऑफिसच्या गेटाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली
टायपिस्ट पुजारे म्हणाले, बाई, एका पानात बसवा.
दुसरं पान साहेब उलटत नाहीत.
मग मी सांगत गेले, ते गाळत गेले.

विषय राहिला. जावक क्रमांकासकट संदर्भ राहिला.
नवीन लघुउद्योजकांच्या राखीव यादीत
मेसर्स पाष्टे फर्निचर वर्क्स, भांडुप,
१ ऑगस्ट २०१७ ते ३१ जुलै २०२२, हे राहिलं.
पाच वर्षं सावली, मग आपलं ऊन आपण सोसायचं,
मोठ्यांच्या रांगेत, मोठ्यांएवढी अनामत भरून.

गळालं ते असं:
की पहिली दोन वर्षं नुसते उंबरे झिजवले.
तिसऱ्या वर्षी पहिलं काम हाताला लागलं,
शाळेचे बाक दुरुस्त करणे, नग दोनशे बारा.
मार्चच्या तेरा तारखेला, शुक्रवारी,
टेम्पोच्या खेपा करून बाक गाळ्यात आणले
आणि आठवडा उलटायच्या आत शाळेला कुलूप.
पुढे त्याच वर्गांत खाटा लागल्या.

बाक ताब्यात घ्यायला माणूस नाही.
ताबा नाही म्हणून पोच नाही,
पोच नाही म्हणून बिल नाही.
गाळ्याचं भाडं मात्र एक तारखेला उजाडायचंच.
एकोणीस महिने
महापालिकेचे बाक माझ्याकडे पोटभाडेकरू होते,
फुकट.

रामसूरत मिस्त्री रंधा पोत्यात गुंडाळून गेला.
पटाशी ठेवून गेला. म्हणाला, ये रहने दो, लौटूँगा.
तिला मी महिन्याच्या महिन्याला तेल लावते.
पुजारे म्हणाले, तेलाचं कशाला?

मग मीच बसले बाकांना, धाकट्या दिराला हाताशी घेऊन.
करारात होतं, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणे.
करकटकानं कोरलेली पोरं एकेक करून पुसली:
सना. रोहिदास. दर्शन गाढव आहे.
खाली दुसऱ्या अक्षरात, तूच.
धूळ नाकात जायची. तेव्हा शिंकायचीही भीती होती,
शेजारचा गाळेवाला लगेच शटर ओढायचा.

शाळा उघडली, बाक गेले.
सातवीच्या खोलीतून आणलेल्या बाकांवर
बसणारी पोरं शाळाच सोडून गेली होती तोवर.

आणि पुजारे, हे तरी लिहा,
की सगळं बंद होतं तेव्हा मुदत चालू होती.
तिला ना मास्क लागला ना ई-पास.
नाकाबंदीतून सरळ चालत गेली
बाविसाच्या जुलैपर्यंत.

पुजारे चष्मा पुसत बसले.
म्हणाले, खरं आहे, पण ह्याला रकाना नाही.

मुदतीत आले होते, तेव्हा खिडकीतून म्हणाले,
अजून मुदत आहे की, घाई काय?
मुदतीनंतर आले, तेव्हा त्याच खिडकीतून,
मुदतवाढ मुदतीतच मागायची असते, बाई.
खिडकीला दोन्ही वेळा एकच गज तुटलेला.
तो मी दुरुस्त करून दिला असता,
पण यादीत नाही आता.

पानाचे चाळीस रुपये झाले.
खाली आपली विश्वासू, शालन पाष्टे, सही केली.
आवकचा शिक्का जोरात बसला, तारीख फिकी उठली.

दुसरं पान घरी येऊन हातानं लिहिलं.
हे.

आणि हे कुठल्याच पानावर नको म्हणून शेवटी:
पोचपावतीवर दोनशे बारा आहेत.
भांडारपालानं दारातूनच ओळी मोजल्या,
आडव्या गुणिले उभ्या, आणि सही ठोकली.
गेले दोनशे अकरा.

एक गाळ्यात आहे.
त्याच्यावर कुणीतरी फुलीगोळा मांडलाय,
सात घरं भरलीत, दोन रिकामी,
मधेच घंटा झाली असणार.
त्याला पॉलिशपेपर लावायला हात गेला नाही.

त्यावरच बसलेय.
गुडघे पार हनुवटीला लागतात.