बावन्न पौंड

खासबागेतला शेवटचा माग विकला त्या दिवशी
भंगारवाल्यानं लोखंड तोललं, मोटर वेगळी धरली,
आवाजाचे पैसे काही दिले नाहीत.
त्या जागेवर आता ऋजुताचं यंत्र आहे,
कोल्हापूरहून जुनं आणलेलं,
रॅकेटला तार भरायचं.

अल्बुकर्क सरांनी एकदाच करून दाखवलं.
दुसऱ्या रॅकेटला मी म्हटलं, सर, सरका जरा.
उभ्या सोळा, आडव्या एकोणीस,
एक वरून, एक खालून.
चाळीस वर्षं दुसरं केलंय काय मी?
फक्त हिला काठ नाही, पदर नाही,
आणि गिऱ्हाईक घरातलंच.

पहिल्या फेरीच्या आधीही फेऱ्या असतात
हे मला साठीला आल्यावर कळलं.
मांडवाच्या दाराशी उभं राहून
आत घ्या, आत घ्या म्हणायचं,
तेही धावत.
गेल्या वर्षी अशी चौदा गावं झाली.
सुताच्या हिशेबाची वही उरली होती,
तिच्यातच लिहितो.
नावे: तिकीट, खोली, खोलीतली अर्धी खाट,
चेंडूंचा डबा, गुडघ्याची पट्टी.
जमेची बाजू कोरी आहे,
कागद तरी चांगला आहे त्या काळचा.

फलकावर तिचं नाव कधी रिजुता, कधी रुजुटा.
सोलापुरात एकानं विचारलं, महाराष्ट्र की कर्नाटक?
ती म्हणाली, बेळगाव.
ते कळलं हो, पण कुठलं?
तर म्हणे, सर, रेषेवर पडलेला चेंडू
तुम्ही आतच धरता ना?
हे तिनं मला फोनवर सांगितलं.
तिथंच बोलली असेल असं नाही.
काही उत्तरं गाडी सुटल्यावर सुचतात,
तीही आपलीच.

परदेशात एका रॅकेटला पंधरा युरो घेतात.
म्हणून सहा इथूनच भरून नेते.
तिला बावन्न पौंड लागतो.
पण तार म्हणजे काही दगड नव्हे,
विमानात, बसमध्ये, परक्या गावच्या थंडीत
तिचा ताण उतरत जातो.
बावन्न भरला तर पोचतो एकोणपन्नास.
म्हणून मी पंचावन्न भरतो.
तिला सांगत नाही.
तिला माहीत आहे.

परवा ट्युनिशियातून फोन आला, रात्री पावणेदहाला.
बाबा, जिंकले.
मग गप्प.
समोरची पोर दुसऱ्या सेटात पाय मुरगळून खाली बसली,
उठलीच नाही.
पॉइंट मिळाला, एक.
असे तीन गावी मिळाले की मग यादीत नाव.
तिची आई तेवढ्या रात्री कॅम्पात जायला निघाली,
दुकानं बंद झाली असतील म्हटलं तरी.
कुंदा घेऊन आली, पाव किलो,
आणि पहिला घास तोंडात ठेवायच्या आधी म्हणाली,
त्या पोरीचं काय झालं, विचारा.

विचारलं.
ऋजुतानंच तिची बॅग खोलीपर्यंत नेली होती.
दोघी एकाच मजल्यावर.
कझाकस्तानची, एकटीच आलेली, बरोबर कुणी नाही.
मला काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं,
तिच्या रॅकेटला तार कोण भरतं गं?
तीच भरते बाबा, तिची तीच.
पण नववी आडवी चुकली होती,
सलग दोन उभ्यांवरून गेलेली,
आणि तशीच खेळायली होती.

आई म्हणाली, काय म्हणतेय?
मी वही उघडली, जमेला एक मांडला,
रकान्यावर रुपये छापलेलं होतं तरी.
मग दिवा घालवून पडलो.
सलग दोनांवरून.
रात्रपाळीत होतं तसं.
शेवटच्या तासाला.